मापपट्टीचा रकाना

माझ्या लेकीच्या विसाव्या वाढदिवसाला आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ आले, त्यांनी खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी काढली, केकला टेकवून ठेवली आणि मला म्हणाले, "हं, घ्या आता फोटो."

लेक म्हणाली, "काका, पट्टी कशाला?"

"केक केवढा होता ते कळायला."

"पण ते कोणाला कळायला हवंय?"

"मग फोटो तरी कोणाला हवाय?" असं म्हणून त्यांनी पट्टी रुमालाने पुसली, खिशात ठेवली आणि केक न खाता वर निघून गेले.

त्या वाढदिवसाचं मला आता फारसं आठवत नाही. पण केक पावणेसहा इंचांचा होता, हे मी कोर्टात शपथेवर सांगू शकतो.

कोथरूडच्या आमच्या सोसायटीत त्यांना सगळे पट्टीवाले म्हणत. पाठीमागे म्हणत, आणि त्यांना ते माहीत होतं. सरकारच्या धरणांच्या खात्यात त्यांनी एकतीस वर्षं फोटोग्राफरची नोकरी केली होती. अशी नोकरी असते हेच मला आधी ठाऊक नव्हतं. भिंती, कालवे, मोऱ्या, लोखंडी दरवाजे यांचे फोटो काढायचे. दर वर्षी त्याच जागेवरून, त्याच उंचीवरून. शेजारी मापाची पट्टी ठेवायची, म्हणजे खुर्चीतल्या साहेबाला खुर्चीतच कळावं, मागच्या सालापेक्षा काय बदललं ते. मग प्रत्येक फोटोची वहीत नोंद. चार रकाने : क्रमांक, ठिकाण, तपशील, मापपट्टी. शेवटच्या रकान्यात 'होय' लिहायचं. पट्टी नसेल तर तो फोटो खात्याच्या लेखी फोटोच नव्हे. ते निवृत्त झाले तेव्हा खातं सुटलं, रकाना सुटला नाही. घरी बाहेरच्या खोलीत बुद्धाची तसबीर होती. ती जमिनीपासून किती उंचीवर आहे हे त्यांना पाठ होतं आणि वर्षातून एकदा ते मोजून खात्री करून घेत. "भिंती खचतात," ते म्हणत. "तसबीर खोटं बोलत नाही."

माझा त्यांच्याशी संबंध आला तो माळ्यामुळे. आमची बिल्डिंग पाडून नवी बांधायचं ठरलं होतं. घरोघर माळे रिकामे करणं सुरू झालं. आमच्या माळ्यावर बिघडलेला मिक्सर, लेकीची पाळण्यातली गादी आणि माझा कॉलेजातला कॅमेरा एकाच गोणपाटात निघाले. कॅमेऱ्याच्या कातडी पिशवीला बुरशी आली होती. मी तो उचलला, डोळ्याला लावला आणि लिव्हर ओढून बटण दाबलं. खट्. तो आवाज मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. मी आणखी एकदा दाबलं. मग आणखी एकदा.

खाली शिडी धरून उभी असलेली बायको म्हणाली, "अहो, पन्नाशीत पुरुषांना काहीतरी होतं म्हणतात. तुमचं कॅमेऱ्यावर भागतंय तर भागू दे. पण आधी खाली उतरा, गुडघा धरेल."

गुडघा धरलाच. पण सांगायचं ते वेगळं. त्या सुमारास माझं फार काही बरं चाललेलं नव्हतं. म्हणजे वाईटही चाललेलं नव्हतं, तेच तर दुखणं. औषधांच्या एका कंपनीत मी लेबलांची प्रुफं तपासतो. बाटलीवरच्या मुंगीएवढ्या अक्षरांत चूक शोधायची, ही माझी नोकरी. सत्तावीस वर्षं तीच. सकाळी बसमध्ये बसलं की खिडकीबाहेर काय दिसतं हे मी कधीच सोडून दिलं होतं. चुकीशिवाय दुसरं काही मला दिसेनासंच झालं होतं. तो खट् आवाज ऐकला तेव्हा एवढं मात्र वाटलं, की आपल्याला पूर्वी बरंच काही दिसायचं.

कॅमेरा घेऊन मी वर गेलो. त्यांनी तो कानाशी धरला, खट् केलं, ऐकलं.

"तुमच्यापेक्षा याची तब्येत बरी आहे. फिल्म मिळते अजून. महाग मिळते. म्हणजे विचार करून दाबाल."

फिल्म ते स्वतः भरत. हा त्यांचा नियम होता आणि त्यात बदल नव्हता. दुसऱ्याने भरलेल्या फिल्मवर त्यांचा विश्वास नव्हता. डोळे मिटून, छताकडे तोंड करून भरत, देवपूजेला बसल्यासारखे. मग झाकण लावून लिव्हर ओढत आणि कॅमेऱ्याच्या डाव्या टोकाचं छोटं चाक मला दाखवत. "हे बघा. लिव्हर ओढली की हे फिरलं पाहिजे. फिरलं म्हणजे आत फिल्म सरकतेय. नाही फिरलं तर फिल्मचं टोक खाचेत बसलेलं नाही. मग दाबत बसा दिवसभर. आवाज सगळे येतील, फोटो एकही नाही."

दुसरा नियम मुरवण्याचा. रोल संपला की पंधरा दिवस धुवायचा नाही. "लोणचं काय घातल्या दिवशी खाता? काढताना मनात जो फोटो असतो तो आधी विसरायला हवा. मग निगेटिव्ह बघायचं, परक्याचं असल्यासारखं."

पहिला रोल त्यांच्या बाथरूममध्ये धुतला. ओली फिल्म दिव्यासमोर धरून ते एकेक चौकट बघायला लागले. फोटो उलटे, काळ्याचं पांढरं. त्यांना ते वर्तमानपत्रासारखं वाचता येई.

"हे काय?"

"सूर्यास्त. टेकडीवरून."

"कितवा?"

"म्हणजे?"

"रोज एक असतो. हा कितवा, कळणार कसं?" पुढे सरकले. "आणि हा म्हातारा?"

"मंडईच्या पायरीवर बसला होता. सुरकुत्या छान होत्या."

"त्याला विचारलंस?"

"नाही."

"मग हा चोरीचा माल. माणसाला विचारावं लागतं. भिंतीला विचारावं लागत नाही. म्हणून मी भिंतीच काढल्या."

पहिल्या रोलच्या मध्यावरच मी 'तुम्ही'चा 'तू' झालो होतो. घरी येऊन बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, "चला, कोणीतरी ओळखलं."

पण मी जात राहिलो. रविवारी पहाटे बसने मंडईत जायचं, कांद्याच्या ढिगाला पट्टी टेकवायची आणि फोटो घ्यायचा. कांदेवाली म्हणाली होती, "साहेब, घेणार असाल तर मोजा. नायतर काय त्याला सोयरीक बघायला आल्यावानी करताय?" तरीही त्या कांद्यांत मला जे दिसलं ते तीस वर्षांत दिसलं नव्हतं. वरच्या सालीतून उजेड आत जातो आणि आतून गुलाबी होऊन परत येतो, हे मी पट्टी टेकवायला वाकलो म्हणून दिसलं. पट्टी ठेवायची तर जवळ जावं लागतं. त्यांच्या त्या वेडात एवढं शहाणपण होतं.

हे सगळं आतल्या खोलीतून काकू ऐकत असत. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी. त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. मंगळवार, गुरुवार, शनिवार डायलिसिस. दिवसाला जेमतेम अर्धा लिटर पाणी, मीठ नाही, फळं नाहीत. दंडावर सुयांच्या जागा गाठींसारख्या वर आलेल्या. बाई मात्र अशी, की मी गेलो की आतून हाक मारायच्या, "आला का कांद्यांचा फोटोग्राफर?"

एकदा पट्टीवाले औषधं आणायला गेले असताना त्यांनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "एक काम सांगू? माझा एक फोटो काढ."

मी म्हणालो, "काकू, एवढंच ना? आत्ता काढतो, फोनवर."

"फोनवर नको. फोनवरचे आहेत. सोसायटीच्या ग्रुपवर मी दुसऱ्या रांगेत आहे, कुणाच्यातरी खांद्यामागे अर्धी. आणि आधार कार्डावर कोणीतरी बाई आहे, ती मी नाही." मग त्यांनी उशीखालून एक जुना फोटो काढला. धरणाची भिंत, खालून वर घेतलेली, दगडांच्या रांगाच रांगा. "यात मी आहे. शोध."

सापडायला मला वेळ लागला, आणि माझा धंदाच बारीक शोधण्याचा. भिंतीच्या पायथ्याशी, मुंगळ्याएवढी, एक बाई लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी धरून उभी होती.

"एवढ्या मोठ्या भिंतीला सहा इंची पट्टी कशी पुरणार? तिथे माणूस उभा करायचा. यांचा मदतनीस आला नाही की मला न्यायचे. खडकवासला, दर साल. डबा घेऊन जायचो. मी यांची पट्टी." त्या हसल्या. "आणि वर ओरडून सांगायचे, इकडे बघू नकोस, काठीकडे बघ. बघणाऱ्याचं लक्ष भिंतीवर राहिलं पाहिजे. सगळ्या फोटोंत माझी मान खाली. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, यांच्या कॅमेऱ्याकडे मी एकदाही बघितलेलं नाही."

"त्यांनाच सांगा ना."

"त्यांचा हात थरथरतो आता. बघितलं नाहीस? म्हणून तर पट्टी धरून ठेवतात सारखी." मी बघितलं नव्हतं. "तू काढ. पण फोटो यांना हवा असला पाहिजे. मला काय करायचाय? मी गेल्यावर लावायचाय."

मी पट्टीवाल्यांना सांगितलं. त्यांनी खिशातली पट्टी काढून रुमालाने पुसली. मग म्हणाले, "खडकवासल्याला नेऊ. सकाळचा उजेड. फोन घरी ठेव नाहीतर गाडीत. दोन मनांनी फोटो निघत नाही. फिल्म मी भरून देतो."

रविवारी सकाळी निघताना कॅमेरा घेऊन ते आतल्या खोलीत गेले. नेहमी माझ्यासमोर भरत. त्या दिवशी दार लोटून घेतलं. खूप वेळ लागला. बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता. कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला आणि चाक दाखवायचं विसरले. मला वाटलं, आता मी शिकलेला शिष्य, आता कशाला दाखवतील.

काकूंनी निळ्या काठाची पांढरी साडी नेसली होती. धरणाजवळ गर्दी व्हायच्या आत आम्ही पोचलो. मी घडीची खुर्ची मांडली. पट्टीवाले म्हणाले, "भिंत मागे येऊ दे."

काकू म्हणाल्या, "भिंतीला आज सुट्टी. मी भिंतीकडे तोंड करून बसणार. तिला बघू दे माझ्याकडे."

ते माझ्या डाव्या हाताला दगडावर टेकले. खिशातली पट्टी हातात होती. काकूंनी बोट केलं, "ती आत." त्यांनी ती आत ठेवली. मी त्यांना कोणाचं ऐकताना पहिल्यांदाच बघत होतो.

आणि काकू कॅमेऱ्याकडे बघायला लागल्या. आधी लाजल्या. मग शाळेतल्या ओळखपत्राला बसल्यासारख्या ताठ झाल्या. मग भुट्टेवाला आला, त्याच्याकडून एक भाजलेलं कणीस घेतलं आणि नुसता वास घेतला, डोळे मिटून. मग नवऱ्याची नक्कल केली, "इकडे बघू नकोस, काठीकडे बघ!" आणि स्वतःच खळखळून हसल्या. मी दाबत होतो. आयुष्यात मला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं. मला वाटत होतं, यासाठीच तो कॅमेरा माळ्यावर तीस वर्षं थांबला असणार.

आठव्या-नवव्या फोटोला माझी नजर डावीकडच्या चाकावर गेली. ते हललं नव्हतं.

फिल्म आत सैल असेल तर सुरुवातीला चाक फिरत नाही, हे मला ठाऊक होतं. मी स्वतःला ते सांगितलं. वीस झाले. मी चाकाकडे बघितलंच नाही. छत्तीस झाले, रोल इथे संपायला हवा होता. लिव्हर पुढे गेली. सदतीस. कधीकधी एखादा जास्त मिळतो. अडतीस. एकोणचाळीस. चाळीस. लिव्हर लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरत होती आणि चाक जागच्या जागी होतं. आता मी सरळ त्याच्याकडेच बघत होतो.

सत्तावीस वर्षं चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसाला समोरची चूक दिसली होती. गाडी पन्नास पावलांवर होती. त्यात फोन होता. पट्टीवाल्यांच्या पिशवीत दुसरा रोल होता. मला एवढंच म्हणायचं होतं, "काका, चाक फिरत नाहीये." पण मग ते त्यांच्या बायकोसमोर त्यांच्या हाताबद्दल बोलणं झालं असतं. आणि खरं सांगायचं तर मला त्यांच्या जिभेची भीती वाटली. म्हणाले असते, "चाळीस दाबेपर्यंत झोपला होतास?" पन्नाशी उलटलेला माणूस मी, आणि बोलणी बसतील म्हणून गप्प बसलो.

काकू दमल्या होत्या. "आले का रे मी?" त्यांनी विचारलं.

"आलात, काकू. झकास आलात."

परतताना ठरवलं, पुढच्या रविवारी काहीतरी निमित्त काढून पुन्हा यायचं, फिल्म आपण भरायची. पुढच्या रविवारी आम्ही भाड्याचा फ्लॅट बघायला गेलो. इमारत रिकामी करायची तारीख जवळ आली होती. आणि त्याच्या मागून आलेल्या मंगळवारी काकू डायलिसिसला गेल्या त्या परत आल्या नाहीत. मशीनवर असतानाच हृदय थांबलं.

बाहेरच्या खोलीत पांढऱ्या कपड्यातली माणसं बसली होती. बुद्धवंदना झाली. मेणबत्त्या, फुलं सगळं मांडलेलं, आणि मध्ये एक रिकामी फ्रेम. दहा बाय बारा, काच लख्ख पुसलेली. पुतण्याने फोनवरून काहीतरी मोठं करून आणलं होतं. पट्टीवाल्यांनी ते उलटं करून ठेवलं.

कोणीतरी हळूच म्हणालं, "काका, फोटो नाही काकूंचा?"

"आहे," ते म्हणाले. "धुवायचाय."

मी तिथेच भिंतीला टेकून उभा होतो. त्या दिवशी, त्या एका वाक्याने, मला जे झालं ते मी लिहीत नाही.

घरी आल्यावर बायकोला सगळं सांगितलं. ती नेहमीसारखं काही लावून बोलली नाही. नुसती म्हणाली, "सांगून टाका त्यांना. उद्याच." मी नाही सांगितलं. फिल्म सरकलीही असेल, असं मी मनाशी घोकत होतो. यंत्र जुनं आहे, चाकच अडकलं असेल. जोवर रोल धुतला नव्हता तोवर फोटो होता. रिकामी फ्रेम मांडून ते रोज तिच्यासमोर फूल ठेवत आणि मी गच्चीवर जाता-येता जिन्यातून, उघड्या दारातून ते बघत असे.

पंधरा दिवस त्यांनी पुरे मोजले. सोळाव्या दिवशी हाक आली.

बाथरूममध्ये अंधार करून मी फिल्म डब्यात भरली. त्यांचा हात आता लपत नव्हता. त्यांनी औषधं ओतली, घड्याळ लावलं, डबा दर मिनिटाला हलवायला मला सांगत राहिले. पाणी सोडलं. मग त्यांनी झाकण उघडून फिल्म वर ओढली आणि दिव्यासमोर धरली.

काच असते तशी फिल्म होती. आरपार. त्यातून पलीकडची निळी बादली दिसत होती. कडेला कारखान्यातून छापून आलेले आकडे तेवढे होते, एक ते छत्तीस, ओळीत. चौकटींत कोणी नव्हतं.

ते पहिल्यापासून छत्तिसाव्यापर्यंत एकेक चौकट बघत गेले. एकही सोडली नाही. मग फिल्म चिमट्याने दोरीला लावली, खाली दुसरा चिमटा लावला वजनाला, आणि मला म्हणाले, "थेंब पुसून घे. डाग पडतात."

मी पुसले.

त्यानंतर आठवडाभर मी गच्चीवर जिना सोडून लिफ्टने जात होतो, आणि लिफ्टही पुष्कळदा बंद असे. शेवटी एका संध्याकाळी गेलो. बाहेरच्या खोलीतली फ्रेम भिंतीशी टेकवून ठेवली होती आणि तिच्या जागी चार मोठे कागद शेजारीशेजारी टाचण्यांनी लावले होते. त्यांवर राखाडी रवा पसरावा तसे दाणे होते. लांब जाऊन बघितलं तेव्हा कळलं. तो धरणाचा फोटो होता. त्यातली मुंगळ्याएवढी बाई त्यांनी मोठी केली होती, आणखी मोठी, जितकी होईल तितकी. साडीचा काठ कळत होता, काठी कळत होती. चेहऱ्याच्या जागी फक्त भांगाची रेघ होती. मान खाली.

"वर बघ म्हटलं असतं," ते म्हणाले, "तर काय धरण कोसळलं असतं?"

मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. चाक फिरत नव्हतं ते मला नवव्या फोटोला दिसलं, चाळिसाव्याला खात्री झाली, गाडीत फोन होता, मी गप्प बसलो. तयार केलेलं वाक्य एकही आलं नाही.

ते खुर्चीत बसले. पट्टी हातात होती, ती टेबलाच्या कडेवर टकटक वाजत होती. वाजवत नव्हते, वाजत होती.

"मी डावीकडेच बसलो होतो," ते म्हणाले. "चाक माझ्याच बाजूला. तुझ्या आधी बघितलं मी. तिसऱ्याला."

मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"ती कॅमेऱ्याकडे बघत होती. हसत होती. मी ओरडलो असतो तर पुन्हा तेच झालं असतं, इकडे बघू नकोस. आणि मग सांगावं लागलं असतं, का ते." पट्टी त्यांनी दुसऱ्या हाताने दाबून धरली. "म्हटलं, पुढच्या रविवारी."

खालच्या मजल्यावर कोणीतरी माळ्यावरचं सामान ढकलत होतं. ते ऐकत आम्ही बसलो होतो. मग त्यांनी उठून वही आणली. नवं पान काढलं, पट्टी ठेवून चार रकाने आखले. रेघा वाकड्या आल्या. क्रमांक एक ते छत्तीस आधीच घालून घेतले. ठिकाण : खडकवासला.

"तू काचेतून बघत होतास. सांग. तपशील."

मी सांगितलं. एक : तुम्हाला पट्टी आत ठेवायला सांगताना, बोट पुढे. दोन : लाजून पदर सारखा करताना. तीन : ताठ बसलेल्या. चार : कणीस हातात, डोळे मिटून वास घेताना. ते लिहीत होते. अक्षर थरथरत होतं, पण एकेक शब्द पुरा करत होते. मी अकरापर्यंत पोचलो. अकरा : नक्कल झाल्यावर हसताना, मान मागे, वरचा एक दात नाही ते दिसतंय.

आणि पुढे मला आठवेना. चाळीस वेळा मी त्या बाईकडे बघितलं होतं, आणि त्यातला बहुतेक वेळ माझं लक्ष एका चाकावर होतं, किंवा चाकाकडे बघायचं नाही यावर. पण समोर ते लेखणी धरून बसले होते. आमच्या घरात माझी ख्याती आहे की साध्या भातालाही मी फोडणी दिल्याशिवाय वाढत नाही. मी म्हणालो, "बारा : हातात चहाचा कप. वाफेतून बघताहेत."

लेखणी थांबली.

"तो चहा तू प्यायलास," ते म्हणाले. "तिचं सकाळच्या वाट्याचं पाणी संपत आलं होतं. दोन घोट उरले होते, ते गोळ्यांसाठी ठेवले होते तिने."

मी मान खाली घातली.

"भरू नकोस," ते म्हणाले. "नाही तर नाही. रिकामं राहू दे." आणि वही मिटली.

महिन्याभरात इमारत रिकामी झाली. आम्ही भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेलो, ते पुतण्याकडे गेले. निघताना बुद्धाची तसबीर उतरवण्याआधी त्यांनी तिची उंची शेवटची मोजली. मी विचारलं, "बरोबर आहे?" म्हणाले, "दोन मिलिमीटर खाली आलीय. मी म्हणत नव्हतो?" हे आमचं शेवटचं बोलणं. हिवाळ्यात ते गेले. झोपेतच गेले, असं पुतण्या म्हणाला. मला तो मजकूरही तपासून बघावासा वाटला होता, पण तपासणार कोणाकडे?

पुतण्याने एक पिशवी आणून दिली. "तुम्हाला द्यायला सांगितलं होतं." आत पट्टी होती आणि वही.

मी अजून फोटो काढतो. बायको म्हणते, पूर्वीपेक्षा कमी बोलतो आणि जास्त वेळ लावतो. तिचा फोटो काढायला बसवलं की आधी तीच विचारते, "चाक फिरतंय का?" आणि तिला दाखवल्याशिवाय मी पुढचा फोटो घेत नाही. टोमणा म्हणून विचारत नाही ती, हे मला कळतं.

वही बरेच दिवस उघडली नव्हती. एकदा उघडली. एकतीस वर्षांची पानं, भिंतीमागून भिंती, शेवटच्या रकान्यात खालपर्यंत होय, होय, होय. मग वाकड्या रेघांचं ते पान. एक ते अकरा, मी सांगितलेलं. बारापासून खाली कोरं. बारा, तेरा, वीस, तीस, पस्तीस, कुठे शाईचा ठिपकासुद्धा नाही.

छत्तिसाव्या ओळीत मात्र त्यांचं अक्षर होतं. नंतर कधीतरी लिहिलेलं, शाई वेगळी. मला वाचायला वेळ लागला, इतका हात हलला होता.

क्रमांक : ३६. ठिकाण : खडकवासला. तपशील : कॅमेऱ्याकडे न बघता माझ्याकडे बघत आहे. मापपट्टी : नाही.